टाके तुटणार नाहीत

खिडकीकडच्या कॉटवरचा खोकला घशापर्यंत येतो आणि तिथंच अडतो. मामा डोळे घट्ट मिटतात, दोन्ही मुठींत चादर आवळतात आणि आलेली उबळ गिळून टाकतात.

"खोकू नका ओ," स्टुलावर बसलेली मामी म्हणते. "टाके निघतील."

मामा शेवगावकडचे. साठीच्या आसपासचा, उन्हानं रापलेला, काटक माणूस. जठरातला अल्सर फुटला म्हणून परवा रात्री तातडीनं पोट उघडावं लागलं. छातीच्या खळग्यापासून बेंबीच्या खालपर्यंत पट्टी आहे. नाकात एक नळी, पोटाच्या कडेला दुसरी, लघवीची तिसरी. दोन दिवसांत ते धड कुशीवरही वळलेले नाहीत, कारण मामी त्यांना वळू देत नाही. हलू नका, बोलू नका, गप पडून राहा. सून येते, तीही हेच सांगते. ज्याला अजून पाण्याचा घोटही द्यायचा नाही त्याच्या उशाशी गावाकडची माणसं शहाळी ठेवतात आणि निघताना तेच बजावतात: आराम करा.

पौषातली सकाळ आहे, सव्वासात वाजलेत. राहुरी परिसरातल्या या ट्रस्टच्या रुग्णालयाला नगर–मनमाड रस्ता लागूनच आहे आणि कारखान्यांचा हंगाम ऐन भरात आहे. उसानं भरलेल्या जोडट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात तेव्हा त्यांच्यावरच्या गाण्यांनी वॉर्डाच्या काचा थरथरतात. आत फिनेलचा वास, किटलीतला चहा, रात्रभर कॉटखाली सतरंजी टाकून झोपलेल्या नातेवाइकांची आवराआवर.

"श्वासवाल्या मॅडम आल्या," फरशी पुसणाऱ्या मावशी वर्दी देतात.

श्वासवाल्या मॅडम म्हणजे इथल्या फिजिओथेरपिस्ट. तिशीतली, चपळ बाई. शिकल्या लोणीला, प्रवरेच्या फिजिओथेरपी महाविद्यालयात. योगशिक्षकाचा अभ्यासक्रम पुढं केला. हातात चटई नाही की काही नाही. काखेत घडी केलेलं ब्लँकेट आणि पिशवीत तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र. मामांकडे न बघता त्या आधी सिस्टरला विचारतात, "दुखण्याचं इंजेक्शन कधी दिलंय?"

"साडेसहाला, मॅडम."

"मग चालतंय."

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. योग म्हटलं की आपल्याकडे सोसण्याची गोष्ट सुरू होते. दुखलं तरी दात-ओठ खाऊन करणारा तो खरा साधक. पण पोटात हातभर चीर असलेल्या माणसाला वेदना असताना खोल श्वास घेताच येत नाही. तो वरच्यावर, छातीच्या टोकाशी, तुटक श्वास घेत राहतो. तेव्हा आधी औषध, मग श्वास. सोसण्याला इथं काही मोल नाही.

मॅडम कॉटचा दांडा फिरवून उशाकडची बाजू वर करतात. मामी उठून उभी राहते, हात पुढं करते, मागं घेते.

"मामा, खोकला येतोय ना? मग खोकायचं."

"न्हाई ताई. टाके…"

"टाके मी बघते. तुम्ही फक्त श्वास घ्या." त्या दोन्ही तळहात मामांच्या खालच्या बरगड्यांवर दोन बाजूंनी ठेवतात. "नाकानं हळू आत. माझे हात बाहेर ढकला."

पहिल्या श्वासाला खांदे वर उचलले जातात, बरगड्या जागच्या जागी. दुसऱ्यालाही तेच. "खांदे सोडा, मामा. खांद्यात हवा भरत नसते." तिसऱ्याला हात किंचित हलल्यासारखे वाटतात. चौथ्याला नक्की हलतात, आणि मामा घाबरून डोळे उघडतात. काहीतरी फाटणार अशी त्यांची खात्री झालेली असते. काही फाटत नाही. मॅडम त्यांना ओठांचा चंबू करून हवा सावकाश सोडायला लावतात, आत जायला लागला त्याहून जास्त वेळ. मग थांबतात. सलग दहा-पंधरा घेतले तर चक्कर येते. चार-पाच घ्यायचे, दम खायचा, तासाभरानं पुन्हा. जागे असताना दर तासाला. हे त्या मामांना नाही, मामीला सांगतात.

आता ब्लँकेटची घडी मामांच्या पोटावर येते. दोन्ही हातांनी ती कवटाळायची, गुडघे थोडे वर घ्यायचे. आधी तोंड उघडं ठेवून दोनदा जोरात "हाऽ" करायचं, मग पोट घट्ट दाबून धरत खोकायचं. मामा मामीकडे बघतात. मामी पदराचं टोक तोंडात धरते. "हाऽ" होतो, दुसरा होतो, आणि मग तो अडलेला खोकला बाहेर येतो. पहिल्यांदा भसाड्या आवाजाचा, नंतर ओला. मामा कळवळतात, पण थांबत नाहीत. बेडका पडतो तो पिवळट, चिकट, चमचाभर तरी असेल.

मॅडम ते भांडं मामीसमोर धरतात. "बघा मामी. हे आत राहू द्यायचं होतं का?"

मामी काही बोलत नाही. भांडं घेऊन धुवायला जाते.

छातीत काय चाललेलं असतं ते मॅडम कॉटशी उभ्या उभ्याच मला समजावतात. निरोगी माणूस नकळत तासातून कितीतरी वेळा सुस्कारा टाकतो. त्या एकेका मोठ्या श्वासानं फुप्फुसांतल्या कोट्यवधी बारीक पिशव्या पुन्हा फुगतात. भूल दिलेला, मग उताणा पडलेला, मग दुखण्याच्या भीतीनं वरवर श्वास घेणारा माणूस सुस्कारा टाकत नाही. पोटाच्या वरच्या भागात मोठं ऑपरेशन झालं की श्वासपटल नीट खाली सरकत नाही. छाती पूर्ण भरून जेवढी हवा बाहेर सोडता येते तिचं माप पहिल्या दिवशी जवळजवळ निम्म्यावर येतं. फुप्फुसांच्या तळाच्या पिशव्या मग मिटतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीची दोन्ही पानं एकमेकांना धरून बसावीत, तशा. तिथं कफ साचतो, कफात जंतू वाढतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो. घरचे म्हणतात ऑपरेशन बिघडलं. ऑपरेशन ठीक असतं. माणूस प्रेमापोटी पाडून ठेवलेला असतो.

हे शेवटचं वाक्य माझं. मॅडम नातेवाइकांबद्दल असं बोलत नाहीत. त्यांना नातेवाईक लागतात. त्या दिवसातून दोनदा येणार, बाकीचे तास मामीच्याच हातात आहेत.

पिशवीतलं यंत्र निघतं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी, बाजूला लवचिक नळी. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा ती तोंडात धरून फुंकतो, कारण फुगा फुंकायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. यंत्र ओढायचं आहे. मामाही फुंकतात. गोळ्या ढिम्म. "ओढा मामा, उसाचा रस नळीनं ओढतात तसा." पहिली गोळी उडी मारते, पडते. पलीकडच्या कॉटवरच्या पेशंटचा नातू हे बघून पुढं येतो आणि तिन्ही गोळ्या मी वर नेऊन दाखवतो म्हणून हट्ट धरतो. मॅडम त्याला पिटाळतात. ज्याचं त्याचं यंत्र वेगळं, तोंडाला लावायची गोष्ट आहे. पण मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललेलं दिसतं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांना करण्यासारखं एक काम मिळालंय.

"ताई, ह्योच का योग?" मामा विचारतात.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटलं पाय मानंवर घ्यायचा."

हसू फुटतं आणि लगेच हात पोटावर जातात. "हसताना पण ब्लँकेट धरायचं," मॅडम सांगतात.

वॉर्डाच्या टोकाकडून एक चमत्कारिक आवाज येतो. फस्, फस्, फस्, फस्. मॅडमचे कान उभे राहतात, आणि त्या जवळजवळ धावतच तिकडे जातात.

कॉटवर मांडी घालून, ताठ बसून एक गृहस्थ कपालभाती करताहेत. निवृत्त शिक्षक, वॉर्डात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. तीन दिवसांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन जांघेत जाळी बसवली आहे.

"गुरुजी, थांबा! आधी थांबा."

"अहो, मी कित्येक वर्षं करतोय. रोज पाचशे स्ट्रोक."

"म्हणूनच सांगते. जाळी अजून धरलेली नाही. प्रत्येक झटक्याला पोटातला दाब तिच्यावर येतो."

"टीव्हीवर तर सांगतात, कपालभातीनं हर्नियासुद्धा…"

"टीव्हीवाल्यांनी तुमची फाईल पाहिलीय का?"

गुरुजी दुखावतात. त्यांची बाजूही मला समजते. इतकी वर्षं नेमानं केलेली गोष्ट कुणी एका वाक्यात काढून घ्यावी, तीही आपल्या मुलीच्या वयाच्या बाईनं. पण वॉर्डातल्या योगाची खरी कसोटी इथंच लागते: काय गाळायचं ते कळण्यात. कपालभाती नाही, भस्त्रिका नाही, श्वास कोंडून धरायचा नाही, पोट आत ओढायचं नाही, पुढं वाकायचं नाही. नाकात नळी असेल त्याला अनुलोम-विलोमही नाही. दाराशेजारच्या भिंतीवर जूनमधल्या योगदिनाचं पोस्टर अजून आहे, सूर्यनमस्काराच्या बारा स्थितींचं. त्यातली एकही स्थिती या वॉर्डात कुणी करायची नाही. हे सगळं गाळल्यावर जे उरतं ते बघायला गेलं तर फार थोडं आहे, आणि एवढ्यानं काय होणार असं कुणालाही वाटेल इतकं साधं.

महाराष्ट्रात योग मोजून बघण्याची परंपरा टीव्हीहून जुनी आहे. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते प्रयोगशाळेसह. क्रिया करताना शरीरात कुठं किती दाब तयार होतो हे ते उपकरणं लावून पाहत, क्ष-किरणांखाली पाहत आणि 'योगमीमांसा' या त्रैमासिकात छापत. दाब मोजणाऱ्या त्या माणसानं जाळी बसवलेल्या गुरुजींना काय सांगितलं असतं, हे ओळखायला कठीण नाही.

मॅडमना मात्र हा इतिहास सांगायला वेळ नाही. त्या गुरुजींना वेगळंच काम देतात. "नऊ वाजता व्हरांड्यात या. आकडे तुम्ही म्हणायचे. चारला आत, सहाला बाहेर. माझा आवाज मागपर्यंत पोचत नाही."

गुरुजी चष्मा पुसतात. "सावकाश म्हणायचे ना?"

"वर्गात पाढे म्हणायचात त्याच्या निम्म्या वेगानं."

नऊ वाजता दोन वॉर्डांच्या मधल्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. ज्यांना चालता येतं ते येतात. कुणी सलाईनचा स्टँड ढकलत, कुणी लघवीची पिशवी हातात घेऊन, स्वेटर-कानटोपी-मफलरसह. ऊन अर्ध्या व्हरांड्यापर्यंत आलंय, त्यामुळे पहिल्यांदा उन्हातल्या खुर्च्या भरतात. मामांना मॅडमनी आज फक्त कॉटच्या कडेला पाय सोडून बसवलंय. तेही शिकवून: आधी गुडघे वाकवून कुशीवर, मग पाय खाली आणि त्याच वेळी कोपरावर भार देत वर. उताणं असताना पोटाच्या जोरावर उठायचं नाही. मामांना दोन मिनिटं गरगरलं, घाम आला, मग बरं वाटलं.

उन्हातल्या पहिल्या खुर्चीवर बाहेरून आलेले एक काका आहेत. त्यांची बायपास नगरला होऊन सहा आठवडे झाले. तपासणीसाठी या रुग्णालयात आले की व्हरांड्यात बसूनच जातात. सदऱ्याच्या गळ्यातून छातीवरची उभी रेघ डोकावते. छातीचं हाड मधोमध चिरून स्टीलच्या तारांनी परत बांधलेलं आहे. ते जुळून पक्कं व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हात टेकून उठायचं नाही, जड उचलायचं नाही, खोकताना उशी छातीशी धरायची. काका दरवर्षी आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला जातात आणि पखवाज वाजवतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो.

"ताई, यंदा जमंल का?"

"चालणं रोज थोडं वाढवत राहा. आषाढीला अजून सहा महिने आहेत. हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे."

"आन् पखवाज?"

"हाड जुळेपर्यंत गळ्यात अडकवायचा नाही. टाळ घ्या."

"टाळ काय, कुणीबी वाजवतंय," काका नाराजीनं पुटपुटतात.

गुरुजी घसा खाकरतात. "एक… दोन… तीन… चार." आवाज चांगला खणखणीत आहे. सगळे आत घेतात. "एक… दोन…" आणि सोडतात. काका आकड्यांवर श्वास घेत नाहीत, हे थोड्या वेळानं माझ्या लक्षात येतं. त्यांचे ओठ हलताहेत. 'ज्ञानोबा'ला आत, 'तुकाराम'ला बाहेर. मॅडमनी बघूनही टोकलेलं नाही. लय बरोबर जमली आहे, मग शब्द कुठले का असेनात.

इथून नेवासं लांब नाही. तिथं एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, आणि तिच्या सहाव्या अध्यायात प्राण आणि कुंडलिनीचं जे थरारक वर्णन आहे ते मराठीत पुन्हा कुणाला साधलं नाही. पखवाजवाल्या काकांनी तो अध्याय पारायणात अनेकदा वाचलेला आहे. विचारल्यावर हात जोडतात आणि म्हणतात, "ते मोठ्यांचं. आपलं नाव घेतलं तरी पुरं." त्यांच्या या उत्तराला दूरचा एक दाखलाही आहे. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक तिबेटी मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजून छापले. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता, आणि त्या संथ गतीला हृदय आणि रक्तदाब यांचा मेळ सुधारत होता.

त्या संशोधकांना आमच्या तिसऱ्या खुर्चीवरच्या बाईंचं काही नवल वाटलं नसतं. त्या श्रीरामपूर तालुक्यातल्या, हरेगावजवळच्या. मतमाउलीच्या यात्रेला त्यांचं घर दर सप्टेंबरात पाहुण्यांनी भरतं. पित्ताशय काढलंय. कनवटीची जपमाळ बोटांत आहे आणि 'नमो मारिया' चालू आहे. शेवटी भ्रामरी घ्यायची वेळ येते तेव्हा मॅडम ओंकाराचा आग्रह धरत नाहीत. "ओठ मिटून 'म्' म्हणा, संपेपर्यंत. कान बंद करायचे नाहीत, हात मांडीवर." व्हरांडाभर गुणगुण पसरते. एका आजींना आपल्याच आवाजाचं हसू येतं, ते शेजारणीला लागतं, आणि दोघी पोट धरून बसतात. मॅडम ओरडत नाहीत. हसताना श्वास खोलच जातो.

खांद्यांची हालचाल फक्त दोघींसाठी आहे. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या ताई व्हरांड्याच्या भिंतीशी उभ्या राहून बोटांनी भिंत चढताहेत. श्वास घेताना एक वीत वर, सोडताना तिथंच थांबायचं. नळी अजून काखेखाली असल्यामुळे खांद्याच्या उंचीपर्यंतच. कालची खूण पेन्सिलनं केलेली आहे. आज त्याच खुणेशी हात अडतो. "रोज वर जात नाही," मॅडम म्हणतात, "खाली आला नाही ना?"

शवासनही खुर्चीतच. डोळे मिटून पाच मिनिटं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामच्या विणेकरांसह ४७ रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन आणि संथ श्वसन शिकवून त्याचे परिणाम १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात मांडले होते. आज संशोधन त्याच्या कितीतरी पुढं गेलंय. देशातल्या २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर झालेला योगाचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यांत म्हणावा असा फरक पडल्याचं त्यात सिद्ध झालं नाही. पण योग करणाऱ्यांना आपली तब्येत अधिक बरी वाटत होती आणि ते आपल्या आधीच्या कामाधामाला जास्त प्रमाणात परतले. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो फुगवलेला नाही. पखवाजवाल्या काकांना तरी दुसरं काय हवंय?

आधीच्या कामाला परतणं. हे शब्द मनात असतानाच माझी नजर सावलीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाते, आणि ते शब्द तितकेसे साधे वाटेनासे होतात.

तिथं पस्तिशीची एक बाई बसली आहे. पाथर्डी तालुक्यातल्या गावची, ऊसतोडीला इकडं आलेली. टोळीच्या कोप्या कारखान्याजवळच्या माळावर आहेत. गाठींमुळं रक्तस्राव थांबेना, म्हणून पाच दिवसांपूर्वी पोटावर चीर घेऊन गर्भपिशवी काढली. तिला "हलू नको" म्हणणारं इथं कुणीच नाही. नवरा सकाळी फडात जातो आणि रात्री येतो. सासू गावाकडं दोन मुलांपाशी. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी ती एकटी उठून संडासला गेली, तिसऱ्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या आजीचे कपडे पिळून वाळत घालताना मॅडमनी तिला पकडलं. श्वास ती अचूक घेते. खांदे खाली, पोट वर, ओठांचा चंबू. फुप्फुसं साफ आहेत, ताप नाही. वॉर्डात सगळ्यात लवकर बरी होणारी पेशंट तीच.

मामीच्या मायेवर सकाळपासून माझा जो राग धुमसत होता तो इथं येऊन जरा निवतो. पडून राहायला सांगणारं कुणीतरी असणं हीही एक चैन आहे.

सत्र संपल्यावर बाकीचे पांगतात. ती मागं थांबते.

"ताई, मोळी कधी उचलता यील?"

मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात. "तीन महिने नाही."

"तवर पट्टा पडंल कारखान्याचा, हंगाम संपंल."

"तरी नाही. आत जखम आहे. पेल्याएवढी वस्तू उचल, कळशी नको. मोळी तर नाहीच."

ती मान डोलावते. समजलेलं असतं, प्रश्न समजण्याचा नसतोच. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांच्या नावावर मुकादमाची उचल घेतलेली, सहा महिन्यांत ती फेडायची. एकीनं दिवस मोडला की खाडा लागतो, आणि तो आकडा पुढच्या हंगामाच्या उचलीत जाऊन बसतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण बघायला २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांचं ते ऑपरेशन आधीच झालेलं होतं. ऑपरेशननंतर त्यांच्या वाट्याला किती दिवसांची विश्रांती आली, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि चारला आत, सहाला बाहेर या गणितात मुकादम बसत नाही.

मॅडमना हे माहीत आहे. त्या तिला एक गोष्ट अजून दाखवतात: खाली पडलेली वस्तू उचलायची झाली तर कमरेतून न वाकता गुडघे मोडून बसायचं, वस्तू अंगाशी घ्यायची आणि उठताना श्वास सोडत उठायचं. कोंडून नाही. तिच्या कामाला हा एवढाच योग लागू पडतो, आणि तो मोळीसाठी नाही, घागरीसाठीही नाही. ती रिकाम्या पाण्याच्या बाटलीवर करून दाखवते. दुसऱ्यांदा बरोबर जमतं.

दुपारी राउंड होतो. सर्जन मामांच्या कॉटशी येऊन विचारतात, "वात सरला का?" मामा मामीकडे बघून लाजतात आणि मान हलवतात. नाकातली नळी उद्या काढू, म्हणतात डॉक्टर. मामी मध्येच सांगते, "दर तासाला गोळ्या वर नेत्यात. दोन गेल्या वर." तिनं फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं रेघा मारून ठेवल्यात, एक रेघ एका खेपेची. लिहिता येत नाही, पण रेघा चुकलेल्या नाहीत.

खाली डिस्चार्जच्या खिडकीशी ऊसतोडवाली बाई आणि तिचा नवरा उभे आहेत. तो फडातून तसाच आलाय, अंगावर उसाच्या पाचटाची कुसं. डॉक्टरांनी कागदावर मराठीत लिहून दिलंय: तीन महिने जड काम करू नये, वजन उचलू नये. मॅडमनी त्याखाली श्वासाचे आणि उठण्या-बसण्याचे चार प्रकार लिहिलेत, शेजारी काड्यांची माणसं काढून.

नवरा कागद उलटा-सुलटा बघतो. "ह्याच्यावर शिक्का नाही."

"सही आहे की डॉक्टरांची," क्लार्क म्हणतो.

"सही नको. गोल शिक्का पायजे, साहेब."

"कशाला?"

"मुकादमाला दाखवायचाय."

क्लार्क ड्रॉवर उघडतो. शाईचा पॅड कोरडा पडलेला आहे. तो त्यावर दोन थेंब पाणी टाकतो, शिक्का दाबतो, अर्धाच उमटतो. नवरा म्हणतो, पुन्हा मारा. दुसऱ्यांदा रुग्णालयाचं नाव पूर्ण येतं. बाई कागदाची घडी घालते, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते आणि पिशवी उचलायला खाली बसते: गुडघे मोडून, श्वास सोडत. नवरा ती तिच्या हातातून काढून घेतो आणि दोघं माळाकडं जाणारी रिक्षा बघायला फाटकाबाहेर पडतात.